कुंडीतील आजारी ऑर्किड व त्याची शुश्रूषा

ऊस, कांदा आणि डाळिंब यांची चर्चा करणाऱ्या मासिकात घरातील शोभेच्या कुंडीस जागा कशास द्यावी, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. दोन वर्षांपूर्वी आम्हांसही ती आली असती. परंतु हल्ली वास्तुशांतीस, साठीच्या समारंभास अथवा लग्नकार्यात हारतुऱ्यांऐवजी शहरातून आणलेली ऑर्किडाची फुललेली कुंडी हाती देण्याची चाल आपल्या जिल्ह्यातील गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. आणि ती कुंडी पुष्कळदा चांगल्या बागाईतदाराच्या घरातही वर्षाच्या आत उकिरड्यावर जाते. ज्या हातांनी माळरानावर फळबागा उभ्या केल्या त्या हातांनी एक वीतभर झाड जगू नये, ही गोष्ट मनास लागणारी आहे. यातील विशेष असा की, निष्काळजी माणसापेक्षा काळजी वाहणाऱ्या माणसाकडेच हे झाड लवकर मरते.

आमच्या घरचीच हकीकत सांगतो. मातोश्रींच्या पंचाहत्तरीस माघ महिन्यात अशी एक कुंडी आली. दोन दांड्यांवर पंधरा-सोळा पांढरी फुले होती, व ती दोन महिने जशीच्या तशी टिकली. मातोश्रींनी कुंडी तुळशीवृंदावनाशेजारी ओट्यावर ठेवविली. पहाटे तुळशीस पाणी घालून तांब्यात जे उरे ते या झाडास, असा नेम सुरू झाला. वैशाखात फुले गळाली. ज्येष्ठात पाने मऊ पडून खाली लोंबू लागली, तेव्हा झाडास तहान लागली असे समजून संध्याकाळीही पाणी घालणे सुरू झाले. आषाढात खालची दोन पाने पिवळी होऊन गळाली व उरलेली तीन सुरकुतली. मातोश्रींच्या हातचे रोप कधी वाया गेलेले आम्ही पाहिलेले नाही. गावातील बायका मोगऱ्याची फांदी लावण्यास त्यांस बोलावतात. “आता माझ्या हाताला यश राहिले नाही,” असे त्या एके दिवशी म्हणाल्या, आणि त्या वयाच्या माणसाने ते ज्या स्वरात म्हटले तो आम्हांस ऐकवेना. म्हणून आम्ही त्या कुंडीकडे प्रथम नीट पाहिले.

कुंडीतून झाड उपसले तो ते आपोआप हातात आले. धरून ठेवण्यास मुळे उरलीच नव्हती. आत काळपट चिखल झालेले शेवाळ होते, व त्यात तपकिरी रंगाची, बोटाने दाबताच पाणी सोडणारी मुळांची सालपटे होती. शेवगंधासारखा कुबट वास येत होता. जिवंत म्हणावीत अशी तीन मुळे होती, आणि ती तिन्ही कुंडीबाहेर हवेत लोंबत होती! ज्यांस पाणी मिळाले ती मेली, व ज्यांस मिळाले नाही ती जगली, असा हा उलटा न्याय होता.

त्याचा उलगडा मातोश्रींनीच केला. त्यांचे माहेर अकोले तालुक्यात राजूरच्या बाजूस. त्या म्हणाल्या, “हे भुईवरचे झाड नव्हेच. आमच्याकडे आंब्याच्या नि हिरड्याच्या फांदीवर असली झाडे असतात. पावसाच्या तोंडाला ‘सीतेची वेणी’ फुलते, ती आम्ही केसांत माळत असू. त्यांची मुळे सालीवर उघडी पडलेली असतात.” एवढे सांगून त्या गप्प झाल्या; कारण ते आपणांस ठाऊक असून आपण त्यास तुळशीप्रमाणे वागविले हे त्यांच्या ध्यानी आले.

मातोश्रींचे निरीक्षण शास्त्रास धरून आहे. भंडारदऱ्यापासून रतनगड, कळसूबाई व हरिश्चंद्रगडापर्यंतचा सह्याद्रीचा पट्टा हा आपल्या जिल्ह्यातील ऑर्किडांचे माहेर आहे. ऑर्किडाच्या कुळास मराठीत आमर कुल असे म्हणतात. औषधातील सालममिश्री व सुगंधी व्हॅनिला ही याच कुळातील होत. यातील काही जाती गवतात कंदापासून उगवतात, तर काही झाडांच्या फांद्यांवर राहतात. आपले शेतकरी या दुसऱ्या प्रकारासही सरसकट बांडगूळ म्हणतात, पण तो त्यांच्यावर अन्याय आहे. खरे बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळे खुपसून तिचा रस शोषते, म्हणून ते छाटावेच लागते. ऑर्किड मात्र झाडापासून बसण्यापुरती जागा तेवढी घेते. त्याचे अन्नपाणी म्हणजे पावसाचे थेंब, धुके, व सालीच्या भेगांत साचलेला पालापाचोळा. पाऊस मुसळधार पडला तरी तासा-दोन तासांत वाऱ्याने मुळे कोरडी होतात. घाटघर-रतनवाडीकडे वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे ही मुळे कुजत नाहीत. आणि आमच्या ओट्यावर तांब्याभर पाण्याने कुजली. याचे कारण पाण्याचे प्रमाण हे नसून हवेचा अभाव हे होय.

बाजारातून येणारे कुंडीतील ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस या जातीचे असते. पतंगासारखे दिसणारे असा त्या ग्रीक नावाचा अर्थ असून, ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली ते नाव दिले. जावा, फिलिपाईन्स इत्यादी बेटांपासून आपल्या आसामपर्यंत याच्या रानटी जाती उंच झाडांवर सावलीत वाढतात. त्यांच्या मुळांवर पांढऱ्या, स्पंजासारख्या पेशींचे जाड वेष्टण असते. पाणी पडताच ते क्षणार्धात ओढून घेते, आणि आतील हरितद्रव्य दिसू लागून मूळ हिरवे होते. सुकले की पुन्हा रुपेरी दिसते. दिवसा उन्हात पाण्याचा अपव्यय होऊ नये म्हणून पानांवरील रंध्रेही निवडुंगाप्रमाणे किंवा अननसाप्रमाणे बहुतांशी रात्रीच उघडतात. एकंदरीत हे झाड पाण्याच्या टंचाईस तोंड देण्याच्या तयारीने जन्मास आलेले आहे. नगरकरांस त्याची ओळख पटण्यास हरकत नसावी.

आता पाने सुरकुतल्यावर पाणी वाढविणे घातक कसे, हे प्रवरेच्या व मुळेच्या कालव्यांवरील वाचकांस निराळे सांगावयास नको. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, व त्या पाण्याने आमच्या भागाचे सोने केले. पण जेथे निचरा नव्हता तेथे पाणी तुंबून काळ्या जमिनी खारवल्या व चोपण झाल्या. अशा वावरात ऊस गुडघाभर ओलीत उभा असून सुकलेला दिसतो, कारण श्वास कोंडल्याने मुळे पाणी ओढू शकत नाहीत. त्यास आणखी पाणी देणारा शेतकरी आता विरळा. तो चर खणतो. ऑर्किडाची गोष्ट तंतोतंत तीच. मुळे कुजली म्हणून पानांस पाणी मिळत नाही, म्हणून पाने सुकतात. ती पाहून मालक पाणी घालतो, आणि उरलेली मुळेही कुजतात. वावरात ज्या चुकीस आम्ही हसतो तीच आम्ही ओट्यावर सहा महिने करीत होतो.

शुश्रूषेस आरंभ मुळांपासूनच करावा. झाड कुंडीतून काढून जुने शेवाळ अथवा माती पूर्णपणे सोडवावी व मुळे साध्या पाण्याने धुवावीत. जे मूळ दाबल्यावर टणक लागते ते जिवंत. मग त्याचा रंग पांढरा, हिरवा किंवा माध्यमात दबून पिवळसर झालेला असो. जे मऊ, पोकळ किंवा दोऱ्यासारखे झाले ते मेलेले. मेलेली मुळे कात्रीने निरोगी भागापर्यंत कापावीत, व कात्री आधी ज्योतीवर धरून अथवा स्पिरिटाने पुसून घ्यावी. कापलेल्या तोंडांवर दालचिनीची पूड किंचित लावली असता बुरशीस अटकाव होतो. मात्र ती निरोगी मुळांवर माखू नये, कारण ती त्यांस कोरडे पाडते. फुलाचा दांडा अद्याप हिरवा असला तरी आजारी झाडावर तो ठेवू नये. मातोश्रींस दांडा कापणे जड गेले, परंतु आजाऱ्याच्या डोक्यावर ओझे नको हे त्यांनी मान्य केले. त्यानंतर झाड एक दिवस सावलीत उघडे ठेवून जखमा सुकू द्याव्यात.

एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. पानांच्या मधोमध जो गाभा असतो, तेथून नवे पान येते. तोच काळा पडून कुजला असेल तर वरून वाढ होणे नाही. क्वचित बुडाशी नवे पिलू फुटते, तेवढीच आशा. म्हणून पाणी घालताना गाभ्यात कधीही थेंब राहू देऊ नये. राहिल्यास कापसाने टिपून घ्यावा.

कुंडीत माती अजिबात घालू नये, मग ती कितीही कसदार असो, शेणखतही नको. शहरातील रोपवाटिकांत देवदाराच्या जातीच्या झाडांची साल मिळते, ती उत्तम. न मिळाल्यास नारळाच्या सोडणाचे अंगठ्याएवढे तुकडे घ्यावेत. त्यांत क्षार असतात, म्हणून दोन-तीन दिवस पाणी बदलीत भिजवून मगच वापरावेत. त्यांत लाकडी कोळसा व भाजक्या विटेचे तुकडे मिसळले म्हणजे माध्यम मोकळे राहते. कुंडी उरलेल्या मुळांच्या मानाने लहान घ्यावी. आमच्या तीन मुळांसाठी चहाच्या मोठ्या पेल्याएवढे पारदर्शक प्लॅस्टिकचे भांडे पुरले. त्याच्या बुडास व कडांस तापल्या सळईने दहा-बारा भोके पाडली. भांडे पारदर्शक असल्याचा मोठा लाभ असा की, आतील मुळांचा रंग बाहेरून दिसतो व अंदाजाचे काम राहत नाही.

मुळे रुपेरी दिसली व भांडे हातास हलके लागले की पाणी द्यावे. हिरवी दिसत असतील तोवर देऊ नये. ‘रोज’, ‘एक दिवसाआड’ किंवा ‘आठवड्यातून एकदा’ असा नियम या झाडास लावता येत नाही. आमच्याकडे चैत्रात तिसऱ्या दिवशी पाणी लागले आणि श्रावणात दहाव्या दिवशीही लागले नाही. पाणी देणे ते सकाळी, भांडे दहा मिनिटे पाण्यात बुडवून. नंतर पूर्ण निथळू द्यावे व खालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नये. पाणी कोणते, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. पुष्कळ गावांतील विंधनविहिरींचे पाणी जड व क्षारयुक्त असते. ते दिल्यास मुळांची टोके करपतात व माध्यमावर पांढरा थर चढतो. पन्हाळीचे पावसाचे पाणी दोन-चार घागरी भरून झाकून ठेवले तर एका कुंडीस वर्षाचा बराच काळ पुरते. ते सरल्यावर घरातील शुद्धीकरण यंत्रातून निघालेले पिण्याचे पाणी वापरावे. त्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र नव्हे, कारण सारा क्षार त्यातच असतो.

जागेविषयी आम्ही दोनदा चुकलो. ओट्यावर ऊन फार, म्हणून झाड आतल्या खोलीत नेले. तेथे उजेड कमी. अखेरीस पूर्वेच्या खिडकीजवळ, पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारील फळीवर ते ठेवले, व ते तेथे रमले. सकाळचे कोवळे ऊन, तेही पातळ पडद्यातून, आणि माठाच्या पाझराने हवेत राहणारा गारवा, या दोन्ही गोष्टी त्यास मानवल्या. पाने गर्द काळपट हिरवी झाली तर उजेड कमी समजावा, तांबूस किंवा पिवळट झाली तर अधिक समजावा. पोपटी हिरवा रंग योग्य. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो, तेव्हा खिडकीस ओले गोणपाट बांधले. ज्या झाडास एकही मूळ उरलेले नाही, त्याचे बूड किंचित ओलसर शेवाळावर टेकवून वरून पारदर्शक पिशवीचे सैल आच्छादन करावे, व रोज थोडा वेळ ते उघडून हवा द्यावी. अशी झाडे वाचतात, परंतु सगळी वाचत नाहीत.

यापुढील काम वाट पाहण्याचे आहे, व ते सर्वांत अवघड. खत घालून झाडास उठविण्याचा मोह आम्हांस झाला होता, पण मुळे नसलेल्या झाडास खत म्हणजे उपाशी माणसास पंचपक्वान्ने. नवे मूळ दोन बोटे लांब झाल्यावरच खतास आरंभ करावा. ठिबकमधून सोडण्यासाठी जे विद्राव्य १९:१९:१९ आपल्या घरी असते तेच चालते; मात्र एक लिटर पाण्यास अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, याहून अधिक नको, आणि तेही पंधरा दिवसांनी एकदा, माध्यम आधी ओले करून. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने माध्यम धुऊन काढावे, म्हणजे क्षार साचत नाहीत. डाळिंब व द्राक्ष करणाऱ्यांच्या परिचयाचा पिठ्या ढेकूण या झाडावरही पानांच्या बेचक्यांत लपतो. एखाद-दुसरा दिसताच स्पिरिटात बुडविलेल्या कापसाने पुसून काढला तर औषध फवारण्याची पाळी येत नाही.

आमच्या झाडाने भाद्रपदाच्या अखेरीस बुडाशी हिरवे चकचकीत टोक काढले. मातोश्री चष्मा लावून ते दिवसातून तीनदा पाहत. दिवाळीपर्यंत तीन नवी मुळे माध्यमात शिरली. जुनी सुरकुतलेली पाने मात्र पूर्ववत झाली नाहीत, आणि ती होतही नाहीत. सुधारणेची खूण नव्या पानात शोधावी. पहिले नवे पान पुढील फाल्गुनात आले, ते आखूड होते. दुसरे ज्येष्ठात आले, ते जुन्यांहून रुंद. त्या पहिल्या हिवाळ्यात फूल आले नाही, व आले असते तर आम्ही दांडा खुडला असता.

फुलाविषयी एक मौज अशी की, इतर ठिकाणी ज्यासाठी काचगृहे थंड करावी लागतात ते आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषातील हवा फुकट देते. हवेचे तापमान काही आठवडे सतत पंचवीस-सव्वीस अंशांखाली राहिले म्हणजे फॅलेनॉप्सिस दांडा काढते. त्याहून उष्ण हवेत ते नुसती पाने वाढविते. दिवाळीनंतर झाड खिडकीपाशीच ठेवून रात्रीचा गारवा त्यास मिळू दिला की पुरे. मात्र नगरकडील कडाक्याच्या थंडीत पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरतो. बारा-तेरा अंशांखाली या झाडास इजा होते, म्हणून अशा रात्री तावदान लावून घ्यावे. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात पानाच्या बेचक्यातून काही बाहेर आले. ते मूळ की दांडा, यावर घरात दोन तट पडले. मुळाचे टोक गोल व गुळगुळीत असते. दांड्याचे टोक चपटे व मुडपलेल्या बोटासारखे असते. आठ दिवसांनी वाद मिटला. दांडा निघाल्यावर कुंडीची दिशा फिरवू नये, नाहीतर तो उजेडाकडे वळत वाकडातिकडा होतो. फाल्गुनात पहिली कळी उमलली. मागच्या पंधरा-सोळांच्या जागी या वेळी सहाच फुले आली. मातोश्रींनी शेजारणींस हळदीकुंकवास बोलावले, पण कुंडीकडे कोणाचे लक्ष वेधले नाही. त्यांनी ते आपोआप वेधले जाण्याची वाट पाहिली.

हे सर्व वाचून कोणास भंडारदऱ्याकडून एखादे रानटी ऑर्किड फांदीवरून सोडवून आणण्याची इच्छा होईल, तर ती करू नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य असून तेथील वनस्पती उपटून नेणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला तरी व्यवहारानेही ते फोल आहे. सालीवरून खरवडताना त्याची मुळे तुटतात, आणि घाटमाथ्यावरील धुक्यात वाढलेले झाड श्रीगोंद्याच्या किंवा पाथर्डीच्या कोरड्या हवेत एक उन्हाळाही काढीत नाही. रानात त्याची भरपाई होणेही सोपे नाही. ऑर्किडाचे बी धुळीसारखे बारीक असते व त्यात स्वतःचे अन्न नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्यावाचून ते रानात रुजत नाही. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर हे बी बुरशीवाचून रुजवून दाखविले, आणि पुढे उतिसंवर्धनाची भर पडून ही झाडे लाखांनी तयार होऊ लागली. जी युक्ती आज आपण केळीच्या रोपांसाठी वापरतो तीच ही. बाजारातील कुंडी अशा प्रयोगशाळेतून आलेली असते. रानातले झाड तसे येत नाही. आमच्या मातोश्रींच्या सीतेच्या वेण्या राजूरच्या वाटेवर पूर्वीइतक्या दिसत नाहीत, असे त्या सांगतात.

फुले गळाल्यावर काय करावे, हे सांगून पुरे करतो. झाडास चार-पाच धडधाकट पाने असतील तर दांडा बुडापासून दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्यावर कापावा, तेथून कधी कधी फाटा फुटून आणखी फुले येतात. पाने कमी असतील तर दांडा मुळापासूनच काढावा. दर दीड-दोन वर्षांनी सालीचे तुकडे कुजून मऊ होतात, तेव्हा माध्यम बदलावे, आणि ते फुले गळून नवी मुळे फुटू लागण्याच्या सुमारास. आमच्या कुंडीचे ते काम या ज्येष्ठात निघेल. सोडण भिजत घालण्यासाठी मातोश्रींनी नारळाच्या शेंड्या साठविण्यास सुरुवात केली आहे, आणि तुळशीच्या तांब्यातील उरलेले पाणी आता कढीलिंबास जाते.